मोर कोणासाठी नाचतो?

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-संमेलनातील भाषण)



मृगाचा पाऊस पडतो, शाळा उघडतात आणि थोड्याच दिवसांत कोणत्या ना कोणत्या वर्गात मोरावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या जातात. त्या ओळी बहुतेक ठरलेल्या असतात. मोर हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे. तो दिसावयास फार सुंदर असतो. आकाशात काळे ढग पाहिले म्हणजे त्याला आनंद होतो आणि तो पिसारा फुलवून थुईथुई नाचतो. मुले हे निर्वेधपणे लिहितात व गुरुजी त्यावर बरोबरची खूण करतात. परंतु एखाद्या वर्गात असाही एक मुलगा असतो, की ज्याच्या वस्तीवर रोज पहाटे मोर उतरतात. तो उभा राहून विचारतो, "गुरुजी, काल ढग नव्हते. ऊन पडले होते. तरी मोर नाचला. मग तो कशाला नाचला?"

निसर्गाभ्यासाचा पाठ खऱ्या अर्थाने या प्रश्नापासून सुरू व्हावयाचा. पण पुष्कळदा तो येथेच संपविला जातो. "खाली बस, पुस्तकात आहे तसे लिही," एवढ्यावर त्या मुलाची बोळवण होते. याला कारणे दोन. एक तर उत्तर ठाऊक नसते. दुसरे असे, की उत्तर ठाऊक असले तरी ते वर्गात कसे सांगावे याचा संकोच वाटतो; कारण त्या उत्तरात नर आणि मादी यांचा उल्लेख येतो. या संकोचाची किंमत किती मोठी असते, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करावयास हवा. जेथे शिक्षक मौन धरतो, तेथे दंतकथा बोलू लागते. लांडोर मोराचे अश्रू पिते व त्यापासून तिला पिले होतात, ही समजूत खेड्यापाड्यांतून आजही ऐकू येते. २०१७ साली एका उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनीही निवृत्तीच्या दिवशी वार्ताहरांपुढे हीच समजूत सत्य म्हणून सांगितली. एवढ्या विद्वान माणसालाही लहानपणी कोणी तरी योग्य वेळी योग्य उत्तर द्यावयाचे राहून गेले असावे, असेच यावरून वाटते.

वास्तविक उत्तर साधे आहे. मोर लांडोरीसाठी नाचतो. कोंबडा आणि कोंबडी यांचा जसा संयोग होतो, तसाच मोर आणि लांडोर यांचाही होतो; त्यानंतर लांडोर अंडी घालते. खेड्यातील मुलाच्या दारात कोंबड्या असतात, गोठ्यात गाईम्हशी असतात. त्याला या गोष्टीचे नवल वाटत नाही. संकोच असतो तो मोठ्या माणसांच्या मनात. शिक्षकाने हे दोन वाक्यांत, सहज आणि गंभीर स्वरात सांगितले, तर वर्गात कोणी हसत नाही. उत्तर देताना स्वतः शिक्षकच खजील झाला, तर मात्र मुले हसतात.

आता हा नाच म्हणजे नेमके काय, ते पाहू. ज्याला मोराची शेपटी म्हणतात, ती त्याची शेपटी नव्हेच. खरी शेपटी वीस आखूड, तपकिरी पिसांची असते आणि ती पिसाऱ्याच्या मागे दडलेली असते. पिसारा बनतो तो शेपटीच्या वरच्या बाजूस उगवणाऱ्या दीडशे-दोनशे लांब पिसांचा. मोर पिसारा उभारतो, तेव्हा ही आखूड शेपटी त्याला मागून टेकू देते. विणीच्या हंगामात प्रत्येक नर आपली नाचाची जागा ठरवितो. तेथे लांडोर आली, म्हणजे तो पिसारा उभारून उभा राहतो. पुष्कळदा तो प्रथम तिच्याकडे पाठ करतो, आणि ती जवळ येताच गर्रकन वळून समोरून पिसारा दाखवितो. मग पिसाऱ्याला एकाएकी कंप सुटतो व वाळल्या पानांतून वारा सुटावा तशी सळसळ ऐकू येते. हा कंप सेकंदाला सुमारे पंचवीस वेळा होतो, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मोजण्यात आले. गंमत अशी, की सारी पिसे थरथरत असता त्यांवरील निळे डोळे मात्र जवळजवळ स्थिर असल्यासारखे दिसतात. लांडोर हे सारे पाहते, किंवा पाहून न पाहिल्यासारखे करते, दाणे टिपते आणि निघून दुसऱ्या मोराकडे जाते. मुलांनी पाहावयाचे ते हेच. नाचणारा नर असतो. परंतु निवड करते ती मादी.

मग ढगांचे काय? जुन्या लोकांनी आणि कवींनी काही खोटे सांगितले नाही. त्यांनी ढग आणि नाच एकाच वेळी पाहिले. चूक झाली ती एकाला दुसऱ्याचे कारण मानण्यात. पावसाळा आला की गवत वाढते, किडामुंगी विपुल होते, पिलांना खाद्य मिळते. म्हणून मोराची वीण पावसाळ्याच्या सुमारास होते. ढग आणि नाच या दोन्ही गोष्टी एकाच ऋतूत येतात. ढग नसलेल्या सकाळीही मोर नाचतो आणि पाऊस येण्यापूर्वी उन्हाळ्यातही नाचतो. पावसाळा सरता सरता, विणीचा काळ आटोपला, म्हणजे पिसारा गळून जातो. भाद्रपदात आकाश कितीही भरून आले, तरी पिसे गळालेला मोर कसला पिसारा फुलविणार? दोन गोष्टी बरोबर घडतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा विचार शास्त्राच्या मुळाशी आहे. चौथी-पाचवीच्या मुलाला तो मोराच्या उदाहरणाने जितका सहज कळेल, तितका व्याख्येने कधीही कळणार नाही.

मोराच्या पिसाऱ्याने मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही कोड्यात टाकले आहे. जीवसृष्टीत जगण्यास उपयोगी पडणारे गुण टिकतात, हा सिद्धांत चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली मांडला. पण मोराचा पिसारा जगण्यास उपयोगी कसा? तो ओझे होतो, उडताना अडचण करतो, शत्रूच्या नजरेत भरतो. मोराचे पीस पाहिले की आपल्याला अस्वस्थ होते, अशा अर्थाचे डार्विन यांनी १८६० साली एका मित्राला पत्रात लिहिले होते. पुढे १८७१ च्या ग्रंथात त्यांनी उत्तर दिले ते असे, की माद्या पिढ्यान्‌पिढ्या अधिक शोभिवंत नरांची निवड करीत आल्या आणि त्यामुळे ही शोभा वाढत गेली. पक्ष्यांच्या मादीला इतकी पारख असते, हे त्या काळी पुष्कळांना पटले नाही. डार्विन यांचे सहविचारी आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनीही ते मान्य केले नाही. हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालला.

त्यानंतर प्रत्यक्ष मोजणी सुरू झाली. इंग्लंडमधील व्हिप्स्नेड येथील उद्यानात मोकळ्या फिरणाऱ्या मोरांचे निरीक्षण मॅरियन पेट्री यांनी केले. ज्यांच्या पिसाऱ्यावर डोळे अधिक, त्यांना लांडोरी अधिक पसंत करतात, असे त्यांना १९९१ मध्ये आढळले. काही मोरांच्या पिसाऱ्यातून वीस वीस डोळे कापून घेतले, तेव्हा त्यांची पसंती घटली. परंतु जपानात सात वर्षे मोर पाहणाऱ्या संशोधकांना २००८ साली असा संबंध दिसला नाही. त्यानंतर २०११ मध्ये असे मांडण्यात आले, की नेहमीच्या मोरांत डोळ्यांच्या संख्येतील थोड्याथोडक्या फरकाने काही बिघडत नाही. ज्यांचे डोळे फारच कमी, असे मोर मात्र मागे पडतात. २०१३ साली तर लांडोरीची नजर कोठे कोठे फिरते हे टिपणारे लहानसे उपकरण तिच्या डोक्यावर बसवून पाहण्यात आले. तेव्हा ती पिसाऱ्याच्या वरच्या टोकापेक्षा खालच्या भागाकडेच अधिक पाहते, असे दिसून आले. म्हणजे ती काय पारखते, याचा शोध अजून चालूच आहे. हे मुलांना अवश्य सांगावे. सर्व प्रश्नांची उत्तरे पुस्तकात आधीच छापलेली आहेत अशी समजूत घेऊन जो विद्यार्थी शाळेतून बाहेर पडतो, तो पुढे शोध लावावयास जात नाही.

पिसाऱ्याच्या रंगाविषयी वर्गातल्या वर्गात करण्याजोगा एक प्रयोग आहे. गळून पडलेले एक पीस आणावे. ते प्रथम उजेड त्यावर पडेल असे धरावे. निळा, हिरवा, सोनेरी असे रंग दिसतात. मग तेच पीस डोळा आणि खिडकी यांच्यामध्ये धरून उजेडाच्या बाजूने पाहावे. रंग मावळतात आणि ते पीस तपकिरी-काळपट दिसते. याचे कारण असे, की मोराच्या पिसात निळा रंग नावाचे द्रव्यच नाही. पिसाच्या तंतूंत अतिसूक्ष्म कणांची जाळीदार रचना असते आणि तिच्यावरून परतणाऱ्या प्रकाशातून हे रंग उत्पन्न होतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, पण फुगा फुटल्यावर हाती रंग येत नाही, त्यातलाच हा प्रकार. पीस मात्र गळालेलेच असावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये मोराला पूर्ण संरक्षण आहे, हेही त्याच वेळी सांगून ठेवावे.

मोर सर्वच गावांत नसतो. परंतु विहिरीवरच्या बाभळीला किंवा शिंदीला लोंबणारे सुगरण पक्ष्याचे खोपे पुष्कळ गावांत असतात. बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेमुळे हा खोपा घराघरांत पोहोचला आहे. त्या कवितेतील मायेची थोरवी यत्किंचितही कमी न करता मुलांना सांगावयास हवे, की खोपा विणणारा असतो नर. 'सुगरण' हे नाव स्त्रीलिंगी पडले, त्यामुळे सारे श्रेय मादीकडे गेले. नर आणि मादी एरवी चिमणीसारखीच दिसतात. विणीच्या दिवसांत नराचे डोके व छाती हळदीसारखी पिवळी होतात, आणि मग त्याला ओळखणे कठीण जात नाही.

या पक्ष्याचे रहस्य ज्यांनी उलगडले, त्यांनी ते महाराष्ट्राच्या मातीतच उलगडले. डॉ. सालिम अली यांनी १९३० साली, त्या वेळच्या कुलाबा व आताच्या रायगड जिल्ह्यात अलिबागजवळील किहीम येथे, राहत्या घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीचे दिवसचे दिवस निरीक्षण केले. त्यांना दिसले ते असे : नर गवताच्या व पात्यांच्या लांब चिरफळ्या आणून खोपा विणावयास घेतो. तो अर्धा झाला, टोपीसारखा आकार आला, की काम थांबवितो. मग माद्यांचा थवा येतो. सारे नर आपापल्या अर्ध्या खोप्याला लटकून पंख फडफडवितात व कलकलाट करतात. मादी खोप्यात शिरते, आतून पाहते; पसंत पडला तर राहते, नाही तर निघून जाते. पसंती मिळाल्यावर नर अंड्यांची खोली आणि लांब नळीसारखे प्रवेशद्वार पुरे करतो. मादी आत अंडी उबवावयास बसली, की तो दुसरा खोपा विणावयास घेतो व दुसऱ्या मादीची वाट पाहतो. पुढील अभ्यासांत असे दिसले, की मादी विणकामाइकीच, किंबहुना त्याहूनही अधिक, जागेची पारख करते. उंच, काटेरी आणि सापामुंगसाला दुर्गम अशी जागा तिला हवी असते.

झाडावर अर्धवट राहिलेले खोपे दिसतात, ते नराने पावसात बसण्यासाठी बांधलेले झोके आहेत, असे काही ठिकाणी सांगतात. त्यांपैकी पुष्कळ खोपे म्हणजे मादीने नापसंत केलेले काम होय. तसेच सुगरण खोप्यात ओल्या मातीच्या गोळ्यावर काजवा चिकटवून उजेड करते, असेही सांगतात. मातीचे गोळे खरोखरच असतात, काजवा नसतो. हंगाम संपल्यावर वाऱ्याने खाली पडलेला एखादा खोपा वर्गात आणून उघडून पाहिला, तर मुलांची खात्री मुलेच करून घेतील.

मोर आणि सुगरण या दोन उदाहरणांवरून मुले लगेच नियम करतील, की नर नेहमी सुंदर आणि मादी नेहमी साधी. येथे शिक्षकाने एक प्रश्न विचारावा : अंडी कोण उबवतो? लांडोर जमिनीवर उथळ खळग्यात अंडी घालते आणि सुमारे चार आठवडे एकटी त्यांवर बसते. मातकट रंगामुळे ती कोल्ह्याकुत्र्याच्या नजरेस पडत नाही. ती साधी दिसते, यातच तिचे व अंड्यांचे रक्षण आहे. आता गोंदिया जिल्ह्यातील सारस पक्षी पाहावा. त्याचे नर-मादी दिसावयास जवळजवळ सारखेच. दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात, दोघेही पिले सांभाळतात आणि नाचतातही दोघे मिळून, पंख पसरून, माना उंचावून, उड्या घेत. याच्या उलट प्रकार गावतळ्यातील कमळपक्ष्याचा. तो पानांवरून चालतो. त्याच्यात मादी आकाराने मोठी असते, ती एकाहून अधिक नरांशी जोडी जमविते, आणि अंडी उबवावयास व पिले राखावयास बसतो तो नर! म्हणजे 'नर सुंदर, मादी साधी' हा नियम अपुरा ठरला. पिलांचा भार कोणी वाहावयाचा, याच्याशी रंगाचा आणि नाचाचा संबंध आहे, एवढे मुलांच्या ध्यानात आले म्हणजे पाठ साधला.

येथे एक सावधगिरीही सुचवावीशी वाटते. पक्ष्यांच्या वागण्यावरून माणसांनी कसे वागावे याचे धडे काढू नयेत. मोर पिलांकडे पाहत नाही म्हणून तो दुष्ट नव्हे, आणि सारस जोडीने राहतो म्हणून तो साधू नव्हे. ते आपापल्या जीवनक्रमाने वागतात. माणसाची नीती माणसाने आपल्या विचाराने ठरवावयाची असते. वर्गातील मुलींना मात्र एवढे कळू द्यावे, की निसर्गात मादी ही केवळ मुकी प्रेक्षक नसून पारख करणारी परीक्षक असते. पुस्तकांनी ही गोष्ट फार काळ झाकून ठेवली होती.

आता तिसऱ्या पक्ष्याकडे वळू. आणि या पक्ष्याकरिता हा सारा विषय आज तातडीचा झाला आहे. त्याचे नाव तणमोर. कोंबडीएवढा, लांब पायांचा हा पक्षी गवताळ माळरानात राहतो. एरवी त्याचा रंग वाळल्या गवतासारखा असतो, त्यामुळे तो दिसतच नाही. पावसाळ्यात नराचे डोके, मान व पोट काळेभोर होते आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना फितीसारखी अरुंद, टोकाशी रुंद झालेली पिसे येतात. माळावरचे गवत त्याच्या डोक्याहून उंच वाढलेले असते. अशा गवतात उभा राहून त्याने पिसारा फुलविला असता, तरी तो मादीला दिसला नसता. म्हणून तो उडी मारतो. उभ्या जागेवरून बेडकासारखा आवाज काढीत माणसाच्या उंचीइतका वर उसळतो, पंख फडफडवितो आणि पुन्हा गवतात गडप होतो. एका दिवसात अशा पाचशेपर्यंत उड्या तो घेतो.

याच उडीने त्याचा घातही केला. गवतात लपलेला पक्षी उडी मारून स्वतःची जागा दाखवीत असल्यामुळे इंग्रजांच्या अमदानीत शिकाऱ्यांनी त्याला विणीच्या दिवसांतच मोठ्या संख्येने मारले. शिकार बंद झाली, पण तोवर माळ नांगराखाली जाऊ लागले होते. गवताळ माळ सरकारी दप्तरात 'पडीक' म्हणून नोंदला जातो, आणि ज्याला पडीक म्हटले, त्याचा कोणताही उपयोग करावयास कोणाची हरकत नसते. कोठे पिके आली, कोठे झाडे लावली गेली, कोठे गवत विणीच्या ऐन दिवसांत कापले गेले. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला मग ठावच उरला नाही. २०२१ सालापासून जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत तणमोराची गणना होते. राजस्थान, गुजरात व मध्य प्रदेश यांतील काही माळांवर तो अजून पावसाळ्यात येतो. आपल्या राज्यात विदर्भातील अकोला-वाशीम भागाच्या माळरानांवर त्याचा आढळ आहे. तेथे एके काळी शिकारीवर उपजीविका करणाऱ्या फासेपारधी समाजातील मंडळींनीच माळ व तणमोर राखण्याच्या कामात भाग घेतला, ही गोष्ट प्रत्येक शाळेत सांगण्यासारखी आहे. त्यांना हा पक्षी ठाऊक होता, म्हणून ते त्याला राखू शकले.

त्याचाच मोठा भाऊबंद माळढोक. गळ्याची पिशवी फुगवून, शेपटी उभारून, खोल घुमणारा हुंकार देत मादीला बोलावणारा हा पक्षी. त्याच्यासाठी सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ साली अभयारण्य करण्यात आले. त्या अभयारण्यातील नान्नज परिसरातही आता त्याचे दर्शन अत्यंत दुर्लभ झाले आहे. कायदा झाला, अभयारण्य झाले. तरी माळ म्हणजे ओसाड, निरुपयोगी जागा ही समजूत गावोगाव तशीच राहिली. ही समजूत बदलण्याचे ठिकाण शाळा हेच आहे. गावचे गायरान हे गुरांचे कुरण असते, त्याचबरोबर ते शेकडो जीवांचे घर असते, असे ज्या मुलाने दहाव्या वर्षी प्रत्यक्ष पाहिले, तो तिसाव्या वर्षी ग्रामसभेत बसेल, तेव्हा गायरानाचा प्रश्न निघाल्यावर काही तरी बोलेल.

यासाठी शिक्षकाने करावयाचे काम फार खर्चाचे नाही. पाच ते बारा नोव्हेंबर हा पक्षी-सप्ताह म्हणून महाराष्ट्रात पाळला जातो, आणि तो उत्साहाने पाळावाच. परंतु तोवर मोराचा पिसारा गळालेला असतो, सुगरणीचे खोपे रिकामे झालेले असतात. पक्ष्यांचे नाच पाहावयाचे ते जून ते सप्टेंबर या महिन्यांत. म्हणून शाळा सुरू होताच वर्गात एक वही ठेवावी. तिच्यात पाच रकाने आखावेत : तारीख व वेळ, आकाश ढगाळ की निरभ्र, पक्षी कोणता, जवळ मादी होती की नव्हती, आणि पाहणाऱ्याचे नाव. ज्याने पाहिले, त्यानेच लिहावे. ऐकलेले लिहू नये. सप्टेंबरअखेर मुलांनीच बेरीज करावी. ढग असताना नाच किती वेळा, नसताना किती वेळा, मादी जवळ असताना किती वेळा. गणिताचा तासही त्यात साधेल. बेरीज काय येईल, ते आधी सांगू नये.

पाहताना पथ्ये मात्र कसोशीने पाळावीत. पक्ष्यापासून दूर, झाडाच्या किंवा बांधाच्या आडून पाहावे. खोपा हंगामात काढू नये. जमिनीवरील अंड्यांजवळ जाऊ नये, कारण माणसाच्या मागोमाग कावळा-कुत्रा तेथे पोहोचतो. अलीकडे हाती भ्रमणध्वनी असल्यामुळे पक्ष्याचे छायाचित्र घेण्यासाठी जवळ जाण्याचा किंवा त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावण्याचा मोह होतो, तो टाळावा. तणमोर किंवा माळढोक दिसल्यास त्याची जागा चारचौघांत जाहीर करू नये, वनखात्यास कळवावी. तेथे दहा गाड्या जमल्या, तर पक्षी माळ सोडील.

आणि प्रारंभी उल्लेखिलेला तो मुलगा वर्गात उभा राहिला, तर त्याला खाली बसवू नये. त्याच्या हाती ती वही द्यावी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तोच मोर पुन्हा पाहून यावयास सांगावे. आणखी दोन मुलांनाही त्याच्याबरोबर पाठवावे. शक्य असल्यास गुरुजींनीही जावे.